तळ्यावरचं स्टेडियम

मंडळी, पोखरणी म्हणजे पुष्करिणी, पाण्याचं कुंड. पोखर्णीच्या माणसांना हा शब्द फोड करून सांगायला नको. म्हणून कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमची गोष्टही आपण पाण्यापासूनच सुरू करू. आज जिथे फुटबॉल चालतो, तिथे पूर्वी रावणेश्वर तलाव होता.

जुनं कोल्हापूर हे तळ्यांचं गाव. रंकाळा सगळ्यांना ठाऊक आहे, कारण तो उरला. कपिलतीर्थ बुजलं, तिथे मंडई भरली. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं आणि रावणेश्वराचं स्टेडियम. दाट पेठांमध्ये एवढी सलग मोकळी जागा दुसरी कुठली मिळणार होती?

पण मैदान आहे म्हणून माणसं येतातच असं नाही. बघायला बसायची सवय या शहराला कुस्तीनं लावली. 1902 साली राजर्षी शाहू महाराज विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं जुनं क्रीडागार पाहिलं. त्यातून 1912 साली खासबाग मैदान उभं राहिलं. मधे हौदा, भोवती चढती बैठक. कुठूनही बघा, पैलवान दिसणारच.

पुढे फुटबॉल आला तोसुद्धा तालमींच्याच अंगणात. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम! नाव आखाड्याचं, खेळ पायाचा. आणि इथेच कोल्हापूरचं वेगळेपण आहे. लिव्हरपूल 1892 पासून अॅनफिल्डवर खेळतं. संघ आणि मैदान यांचं नातं घरधन्यासारखं. कोल्हापुरात संघाचं घर म्हणजे पेठेतली तालीम. स्टेडियम सगळ्यांचं मिळून एकच, कारभार कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा. त्यामुळे 'पाटाकडील' आणि 'शिवाजी तरुण मंडळ' समोरासमोर आले की यजमान कुणीच नाही. दोन पेठा एकाच स्टेडियममध्ये बसतात. कधी हुल्लडबाजी होते, सामना थांबतो, पोलीस येतात. तेही या इतिहासातून वगळता येत नाही. पण याच शहराचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

आमचं मत विचाराल तर, मैदान मिळवताना शहरानं तळी घालवली, हा सौदा स्वस्तात झालेला नाही. वरुणतीर्थ बुजवलं, पण मोठ्या पावसात गांधी मैदानावर अजून पाणी तुंबतं. फुटबॉलचा हंगाम मात्र हिवाळ्यात सुरू होतो आणि पाऊस यायच्या आत आटोपतो.