उंदीर झोपलाय, हे कसं ओळखायचं?

आजचा एपिसोड उंदरांवर आहे. घरातल्या नाही, प्रयोगशाळेतल्या. प्रश्न एका ओळीचा आहे: उंदीर खरंच झोपलाय की नुसता गप्प बसलाय, हे त्याला हात न लावता कसं ओळखायचं? ऐकायला पोरखेळ वाटतो, पण या वाटेवर सव्वादोनशे वर्षं गेली. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, सिग्नलमधला कचरा बाजूला काढणं माझ्या ओळखीचं काम आहे. म्हणून ही गोष्ट मला सांगावीशी वाटली.

सुरुवात पॅरिसमध्ये, १७८२-८३ च्या हिवाळ्यात. लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघांनी एक गिनिपिग भांड्यात ठेवला आणि भांड्याभोवती बर्फ भरला. गिनिपिगच्या अंगाच्या उष्णतेनं बर्फ वितळणार, खाली पाणी जमणार, ते मोजायचं. १० तासांत सुमारे १३ औंस बर्फ वितळला. मग त्याच्या श्वासातून निघणारा वायू आणि कोळसा जळताना निघणारा वायू यांची तुलना केली. निष्कर्ष असा की श्वास घेणं म्हणजे एक प्रकारचं मंद जळणंच आहे. बघा, ना सुई टोचली, ना कातडी कापली. शरीराबाहेर जे येतं, तेवढंच मोजलं.

आता आपल्या मुंबईत या. १८९६ मध्ये प्लेग आला. हाफकिननं लस शोधली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचून घेतली. पुढे १९०५ पासून प्लेग आयोगानं परळच्या प्रयोगशाळेत उंदीर आणि गिनिपिग वापरून मोठे प्रयोग केले. प्लेगच्या घरात गिनिपिग सोडायचे आणि त्यांच्या अंगावर किती पिसवा चढल्या ते बघायचं. एका पिंजऱ्याला पिसू आत जाणार नाही अशी बारीक जाळी, दुसरा उघडा. जाळीतला वाचतो, उघड्यातला मरतो, म्हणजे रोग पिसवांमुळे पसरतो. या कामानं पुढे असंख्य माणसं वाचली, यात शंका नाही. पण प्राण्याकडून मिळणारी मुख्य माहिती काय? जिवंत की मेला. आमच्या भाषेत सांगायचं तर एक किंवा शून्य. अख्ख्या जिवाचा एक बिट!

या एका बिटाचा सलग सिग्नल कसा झाला? १९२२ मध्ये अमेरिकेत कर्ट रिक्टरनं उंदराचा पिंजरा हवेच्या डब्यांवर बसवला. उंदीर हलला की हवा दाबली जायची, नळीतून तो दाब एका काडीपर्यंत पोचायचा आणि काडी फिरत्या, काजळी लावलेल्या कागदावर रेघ काढायची. बी.फार्म. केलेल्यांना तो काजळीचा ड्रम आठवत असेल. उंदीर ठराविक वेळानं खडबडून कामाला लागतो आणि मग शांत होतो, हे त्या रेघेत दिसलं.

पण शांत म्हणजे झोपलेला असं नसतं. खरी झोप मेंदूत दिसते. हान्स बर्गरनं १९२९ मध्ये माणसाच्या डोक्यावर बाहेरून तारा लावून मेंदूच्या लहरींची नोंद जाहीर केली. १९५३ मध्ये असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांना स्वप्नांची झोप सापडली, डोळे झपझप हलतात ती. माणसाला तारा चिकटवता येतात. पंचवीस ग्रॅमचा उंदीर थोडाच ऐकणार? त्याला भूल द्यायची, कवटीत बारीक स्क्रू बसवायचे, जखम भरेपर्यंत थांबायचं आणि मग डोक्याला वायर जोडून झोप मोजायची. आता तुम्हीच सांगा, डोक्याला वायर लावून तुम्हाला नेहमीसारखी झोप लागेल?

म्हणजे इथे दोन गोष्टी पणाला लागतात. एक, त्या जिवाचा त्रास. दुसरी, डेटाचा खरेपणा. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या: शक्य तिथे प्राणी वापरू नका, वापरलेत तर कमी वापरा आणि त्रास कमी होईल अशी पद्धत शोधा. आपल्याकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत विषय लावून धरला, १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा आला, आणि १९९८ च्या नियमांनी प्रयोग करणाऱ्या संस्थांना नोंदणी आणि नैतिकता समिती सक्तीची केली.

मग २००७ साल. केंटकी विद्यापीठातल्या संशोधकांनी पिंजऱ्याच्या तळाशी पातळ पायझो फिल्म घातली. पायझो म्हणजे काय? स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर घ्या. खटका दाबला की ठिणगी पडते, कारण दाबातून वीज तयार होते. इथे दाब उंदराच्या श्वासाचा. झोपलेल्या उंदराचा श्वास सेकंदाला साधारण तीन वेळा, एका लयीत चालतो. जागा झाला की सिग्नल विस्कटतो. ही लय ओळखायची म्हणजे चक्क कोडिंगचं काम! त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियाच्या गटानं नुसत्या व्हिडिओवरून नियम मांडला: ४० सेकंद सलग हालचाल नाही, म्हणजे झोप. स्क्रू नाही, वायर नाही, आणि एका वेळी कितीतरी पिंजरे मोजता येतात.

सगळं सुटलं का? नाही. स्वप्नांची झोप कुठली आणि गाढ झोप कुठली, हे फक्त श्वासावरून सांगणं अवघड जातं, त्यासाठी अजूनही मेंदूच्या लहरी लागतात. शिवाय एका पिंजऱ्यात एकच उंदीर ठेवावा लागतो, आणि उंदीर हा कळपातला जीव. एकटेपणाचाही त्रास असतोच. त्यामुळे "हात लावला नाही" म्हणजे "त्रास दिला नाही" असं मला म्हणवत नाही.

तुमच्या मनगटावरचा बँडही हेच करतो बरं का. मेंदूत न डोकावता हालचाल आणि नाडीवरून झोपेचा अंदाज बांधतो. म्हणून सकाळी त्याचा आकडा बघताना तो अंदाज आहे एवढं लक्षात ठेवा. आणि मला बीडचा म्हणून आणखी एक वाटतं. दसऱ्यानंतर आपल्या जिल्ह्यातून कोयता घेऊन निघणारी जोडपी रात्री-अपरात्री गाडी आली की उठून ऊस भरतात. झोप मोजणं आता इतकं सोपं आणि स्वस्त झालंय, तर ते तिथपर्यंत पोचायला हवं. उंदराच्या झोपेची एवढी काळजी घेता येते, तर माणसाच्या झोपेची का नाही?

ऊसतोडीला गेलेलं कुणी तुमच्या घरात असेल, तर त्यांना विचारा, झोप किती मिळते ते. आणि मलाही कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!