हॉपकिन्स : धर्मगुरू आणि कवी

धर्मगुरूने कवीचा गळा घोटला, या गृहीतकावर जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स (१८४४-१८८९) याच्या काव्याची समीक्षा दीर्घकाळ उभी राहिली. या गृहीतकाला चरित्राचा आधार नाही असे नव्हे. अँग्लिकन कुटुंबात जन्मलेल्या हॉपकिन्सने ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना, १८६६ साली, न्यूमन यांच्या हस्ते कॅथलिक पंथ स्वीकारला. मे १८६८ मध्ये त्याने आपल्या कविता जाळल्या आणि त्याच वर्षी येशूसंघात प्रवेश केला. त्यानंतर सुमारे सात वर्षे त्याचे काव्यलेखन जवळजवळ थांबले. डिसेंबर १८७५ मध्ये 'डॉइशलांड' हे जहाज फुटून जर्मनीतून परागंदा झालेल्या पाच फ्रान्सिस्कन जोगिणी बुडाल्या, तेव्हा वरिष्ठांच्या इच्छेचे निमित्त होऊन हे मौन सुटले. ती दीर्घ कविता मात्र संघाच्याच नियतकालिकाने छापली नाही.

तथापि हे गृहीतक दृढ होण्यास प्रकाशनाचा इतिहासही तितकाच कारणीभूत आहे. रॉबर्ट ब्रिजेस यांनी या कविता १९१८ साली संग्रहरूपाने प्रसिद्ध केल्या. प्रवचने व ध्यानटिपणे यांचा काही भाग १९३७ मध्ये उजेडात आला. ख्रिस्तोफर डेव्हलिन यांनी संपादित केलेला भक्तिपर लेखनाचा स्वतंत्र ग्रंथ १९५९ मध्ये निघाला. काव्य आधी वाचले गेले. ज्या साधनेच्या सान्निध्यात ते घडले, ती नंतर.

ही टिपणे वेगळीच साक्ष देतात. इग्नेशियस लोयोलाच्या 'आध्यात्मिक साधने'वर १८८० मध्ये भाष्य करताना हॉपकिन्स सृष्टीच्या निर्मितीचा विचार स्वतःच्या 'मी'पणापासून आरंभतो. या स्वत्वाची चव अन्य कशाशीही ताडून पाहता येत नाही. म्हणूनच तिच्या कर्त्याचा शोध अपरिहार्य ठरतो, अशी त्याची विचारसरणी आहे. प्रत्येक वस्तूच्या अनन्यत्वाचा जो ध्यास त्याच्या निसर्गकवितेत दिसतो, त्याचे मूळही याच चिंतनात आहे. १८७२ पासून परिचित झालेल्या डन्स स्कॉटसच्या तत्त्वज्ञानाने त्याला बळ पुरविले.

परंतु द्वैताच्या जागी सोयीस्कर अद्वैत मांडणे हीदेखील चूकच ठरेल. डब्लिनमध्ये ग्रीकचे अध्यापन करताना १८८५ च्या सुमारास लिहिलेली विषादाची सुनीते आणि जानेवारी १८८९ मधील एकांतसाधनेची टिपणे शेजारी ठेवली, तर दोन्हींत तीच असहायता, तेच वैफल्य आढळते. भक्तिपर लेखन येथे कवितेच्या वेदनेवर फुंकर घालीत नाही. साधनेने दिलेली आत्मपरीक्षणाची शिस्तच त्या वेदनेला निर्दय नेमकेपणा देते. धर्मगुरूने कवीला गप्प केले, हे अर्धसत्य आहे. त्याला काय पाहावयाचे आणि किती खोल पाहावयाचे, हेही त्यानेच शिकविले.