विश्लेषण : ॲस्बेस्टॉसचा कर्करोग तीस-चाळीस वर्षांनी उगवतो, मग भरपाई मागायची कुणाकडे?

कामगार निवृत्त होऊन पंधरा-वीस वर्षे लोटलेली असतात. कारखान्याच्या जागी टॉवर उभा राहिलेला असतो. अशा वेळी खोकला, धाप आणि छातीत पाणी झाल्याचे निदान होते आणि काही महिन्यांत मेसोथेलिओमा हे नाव घरात पहिल्यांदा ऐकू येते. ॲस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या कर्करोगाची हीच सर्वात मोठी अडचण आहे. रोग दशकांच्या हिशेबाने चालतो आणि भरपाईचा कायदा दोन वर्षांच्या. या दोन हिशेबांमधल्या अंतरात कुटुंबे कशी अडकतात आणि त्यातून वाट कशी निघते, याविषयी.

ॲस्बेस्टॉस म्हणजे नेमके काय?

ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिजांच्या गटाचे नाव आहे. या गटात सहा खनिजे येतात. पांढरा (क्रायसोटाइल), निळा (क्रोसिडोलाइट) आणि तपकिरी (अमोसाइट) हे त्यातले जास्त वापरले गेलेले प्रकार. ते आगीला दाद देत नाहीत, गंजत नाहीत आणि स्वस्त असतात. त्यामुळे सिमेंटचे पत्रे, पाण्याचे पाइप, गाड्यांचे ब्रेक लायनिंग, बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांवरचे वेष्टण, जहाजांच्या इंजिन खोल्या अशा अनेक ठिकाणी ते पोहोचले. आजही चाळी, गोदामे, शाळांच्या पडव्या आणि गोठ्यांवर दिसणाऱ्या करड्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा ते असते.

शाबूत पत्र्याखाली राहणे आणि रोज ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम करणे यांतला धोका सारखा नाही. पत्रा कापला, भोक पाडले, फोडला किंवा जुना होऊन त्याचा पृष्ठभाग झडू लागला की तंतू हवेत मिसळतात. ते इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत आणि थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातात.

कर्करोग कसा होतो?

शरीर हे तंतू विरघळवू शकत नाही. ते फुफ्फुसात आणि फुफ्फुसाच्या आवरणात वर्षानुवर्षे रुतून राहतात, दाह होत राहतो आणि पेशींमध्ये बिघाड साठत जातो. त्यातून मुख्यतः तीन आजार होतात.

- ॲस्बेस्टॉसिस : फुफ्फुसावर व्रण पडून ते कडक होते. हा कर्करोग नाही, पण धाप कायमची मागे लागते.
- फुफ्फुसाचा कर्करोग : धूम्रपान आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले तर धोका कित्येक पटींनी वाढतो.
- मेसोथेलिओमा : फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. याचे प्रमुख कारण ॲस्बेस्टॉसच आहे. विडी-सिगारेटचा याच्याशी संबंध नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार, पांढऱ्यासह, माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहेत. स्वरयंत्राचा आणि अंडाशयाचा कर्करोगही त्यामुळे होतो. कामाच्या ठिकाणी ॲस्बेस्टॉसशी आलेल्या संपर्कामुळे जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक मृत्यू होतात, असा संघटनेचा अंदाज आहे.

मेसोथेलिओमा साधारणपणे पहिल्या संपर्कानंतर वीस ते पन्नास वर्षांनी प्रकट होतो. निदान झाल्यानंतर बहुतेक रुग्णांच्या हाती वर्ष-दीड वर्षच असते. आपल्याकडे छातीत पाणी झाले की पहिला संशय क्षयरोगाचा घेतला जातो. त्यामुळे यातले काही महिने चुकीच्या औषधांत निघून जाण्याचा धोका असतो.

हा आजार घरच्यांना कसा होतो?

कामगार धुळीने माखलेले कपडे घरी आणतो. पत्नी ते झटकते, हाताने धुते. मुले बाबांना येऊन बिलगतात. कपड्यांवरचे तंतू अशा रीतीने घरात शिरतात. १९६५ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयातील मेसोथेलिओमाच्या ७६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील नऊ जण स्वतः कधीच ॲस्बेस्टॉसच्या कामावर गेले नव्हते, त्यांच्या घरातले कुणीतरी जात होते. आणखी ११ जण कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहत होते.

इटलीतील कासाले मोनफेर्रातो या गावात एटर्निट कंपनीचा ॲस्बेस्टॉस सिमेंटचा कारखाना होता. तेथील पीडितांच्या संघटनेच्या दीर्घकाळ अध्यक्ष राहिलेल्या रोमाना ब्लासोत्ती पावेझी यांचे पती त्या कारखान्यात कामाला होते. मेसोथेलिओमाने आधी पती गेले. पुढे बहीण, भाचा, चुलत बहीण आणि अखेर मुलगी. एकाच घरातले पाच जण.

कुटुंबावरचा भार केवळ मृत्यूचा नसतो. कमावत्या माणसाच्या उपचारासाठी साठवलेले पैसे, भविष्य निर्वाह निधी, गावची जमीन खर्ची पडते. रात्रभर उशाला बसणारी व्यक्ती, बहुधा पत्नी किंवा सून, आपले काम सोडते. आणि त्याच घरात राहिलेल्या इतरांच्या मनात ‘आता आपला नंबर कधी’ ही धास्ती कायमची राहते.

भरपाई नाकारण्याची परंपरा किती जुनी आहे?

इंग्लंडमधील रॉचडेल येथे टर्नर ब्रदर्स या कंपनीत नेली केर्शॉ नावाची महिला ॲस्बेस्टॉसचे सूत कातत असे. १९२४ मध्ये वयाच्या ३३व्या वर्षी ती फुफ्फुसाच्या आजाराने गेली. आजार कामामुळे झाला म्हणून आरोग्य विम्याचा लाभ तिला मिळाला नाही. आणि हा आजार कामगार भरपाईच्या यादीत नाही म्हणून कंपनीनेही हात वर केले. अंत्यसंस्काराच्या खर्चासाठीही कंपनीने पैसे दिले नाहीत. तिच्या फुफ्फुसाची तपासणी करणारे डॉ. विल्यम कुक यांनी पुढे या आजाराला ‘पल्मनरी ॲस्बेस्टॉसिस’ हे नाव दिले. ब्रिटनमध्ये धूळ नियंत्रणाचे नियम १९३१ मध्ये आले.

या कंपनीचा मुंबईशी काय संबंध?

टर्नर ब्रदर्स १९२०च्या दशकापासून टर्नर अँड न्यूऑल या समूहाचा भाग होती. याच समूहाने १९३०च्या दशकात भारतात ॲस्बेस्टॉस सिमेंटचा व्यवसाय सुरू केला आणि मुलुंडला कारखाना उभा राहिला. रॉचडेलमधील धुळीचे परिणाम तोवर ब्रिटिश कायद्यात नोंदले गेले होते.

१९९८ मध्ये हा समूह अमेरिकेच्या फेडरल-मोगल कंपनीने विकत घेतला आणि दाव्यांच्या ओझ्याखाली २००१ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यानंतरच्या पुनर्रचनेत ॲस्बेस्टॉसग्रस्तांसाठी ट्रस्ट स्थापन झाले. मुलुंडच्या माजी कामगारांनीही तिथे दावे दाखल केले आणि काहींना भरपाई मिळाली. कारखाना इथला असला तरी मालकी परदेशी असेल, तर तिथली दारे ठोठावता येतात, हे त्यातून दिसले.

कामगारांना आजार आहे हे सिद्ध करण्यासाठी आधी तपासणी व्हावी लागते. मुंबईतील ॲस्बेस्टॉस वापरणाऱ्या एका कारखान्यातील १८१ कामगारांच्या तपासणीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे २३ टक्के कामगारांना ॲस्बेस्टॉसिस आढळला.

भारतात कायदा काय सांगतो?

सर्वात महत्त्वाचा निकाल २७ जानेवारी १९९५चा. कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. ॲस्बेस्टॉस उद्योगांना दिलेले आदेश असे :

- प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपते तोपर्यंत जपणे.
- कामगारांना राज्य विमा किंवा भरपाई कायद्याचे संरक्षण देणे.
- आजार प्रमाणित झालेल्या कामगाराला एक लाख रुपये भरपाई देणे.

१९२३चा कर्मचारी भरपाई कायदा आणि १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा या दोन्हींच्या तिसऱ्या परिशिष्टात ॲस्बेस्टॉसिस, तसेच ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा व्यावसायिक आजार म्हणून नोंदवलेले आहेत. राज्य विम्याखाली (ईएसआय) असलेल्या कामगाराचा मृत्यू अशा आजाराने झाला, तर अवलंबितांना वेतनाच्या ९० टक्के इतका लाभ वाटून मिळतो. विमा असलेल्याला त्याच आजारासाठी मालकाकडून भरपाई कायद्याखाली वेगळा दावा करता येत नाही. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेने हे दोन्ही कायदे आपल्यात सामावून घेतले आहेत. जुन्या काळातल्या प्रकरणात कुठली तरतूद लागू होते, हे मात्र वकिलाकडून तपासूनच घ्यावे.

मग अडते कुठे?

पहिली अडचण मुदतीची. १९२३च्या कायद्यात दावा दोन वर्षांत करावा लागतो. नोकरी सुटल्यानंतर दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली, तर लक्षणे दिसल्याच्या दिवसापासून मुदत मोजण्याची सोय आहे. पण मेसोथेलिओमा दोन वर्षांत नव्हे, तीस वर्षांनी येतो. पुरेसे कारण असल्यास उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. म्हणून अशा दाव्यात ‘आजार कळला कधी’ या तारखेचा पुरावा फार मोलाचा ठरतो.

दुसरी अडचण रकमेची. मृत्यूच्या भरपाईचे सूत्र वेतनाचा अर्धा भाग गुणिले वयानुसार ठरलेला घटक असे आहे. हा घटक १६व्या वर्षी २२८.५४ असतो आणि ६५ व त्यापुढे ९९.३७ पर्यंत घसरतो. उशिरा येणाऱ्या आजाराला हे सूत्र सोयीचे नाही.

तिसरी अडचण घरातल्या बाईची. कपडे धुऊन आजारी पडलेली पत्नी ‘कर्मचारी’ नसते. त्यामुळे भरपाई कायद्यात तिला स्थान नाही. दिवाणी न्यायालयात निष्काळजीपणाचा दावा करणे हाच मार्ग उरतो आणि तो लांबचा, खर्चाचा असतो.

इतर देशांनी यावर काय केले?

ब्रिटनमध्ये दाव्याची तीन वर्षांची मुदत आजार आणि त्याचे कारण कळल्यापासून मोजली जाते. अनेक मालकांकडे काम केलेल्या रुग्णाला नेमका कुणाकडचा तंतू बाधला हे सिद्ध करता येत नाही. तरी धोका वाढवणाऱ्या मालकाला जबाबदार धरता येते, असा निर्णय तेथील लॉर्ड्सच्या न्यायपीठाने २००२ मध्ये दिला. मालक किंवा त्याची विमा कंपनी सापडतच नसेल तर २०१४ पासून वेगळी योजना आहे. जपानने २००६ मध्ये कायदा करून कामगार नसलेल्या, कारखान्याशेजारी राहिलेल्या रुग्णांनाही मदत सुरू केली.

कासालेचा अनुभव मात्र कडू आहे. एटर्निटच्या माजी प्रमुखाला खालच्या दोन न्यायालयांनी शिक्षा सुनावली होती. २०१४ मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याची मुदत संपल्याचे सांगून ती रद्द केली. पुढे मृत्यूंबद्दल नव्याने खटले भरावे लागले.

कुटुंबाने काय करावे?

- डॉक्टरांना पूर्ण कामाचा इतिहास सांगावा आणि तो केसपेपरवर लिहून घ्यावा. फक्त ‘कारखान्यात होते’ एवढे पुरेसे नाही. खाते, काम, वर्षे आणि धुळीचा प्रकार लिहावा.
- बायोप्सीचा अहवाल, सीटी स्कॅन आणि तपासणीचे नमुने रुग्णालयातून मिळवून जपावेत. मेसोथेलिओमाचे निदान ऊतींच्या तपासणीवरच ठरते.
- नोकरीचे पुरावे शोधावेत : नेमणूक पत्र, पगारपावत्या, हजेरी कार्ड, ईएसआय कार्ड, भविष्य निर्वाह निधीची नोंद, ग्रॅच्युइटीचे पत्र, युनियनची पावती.
- कंपनीकडे आरोग्य नोंद लेखी मागावी. ती ४० वर्षे जपण्याचा आदेश आहे. नकाराचे पत्रही पुरावाच असते.
- सोबतच्या कामगारांचे जबाब ते हयात असतानाच नोंदवून घ्यावेत. रुग्णाचाही.
- ठेकेदारामार्फत काम केले म्हणून गप्प बसू नये. भरपाई कायद्यात मूळ मालकही जबाबदार असतो.
- ‘विडी ओढत होते’ हे उत्तर मेसोथेलिओमाच्या दाव्याला लागू पडत नाही. फुफ्फुसाच्या कर्करोगातही धूम्रपानामुळे ॲस्बेस्टॉसचा वाटा शून्य होत नाही.
- वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला आणि औद्योगिक कामगार मोफत कायदेशीर मदतीस पात्र असतात.

ॲस्बेस्टॉस आता बंद आहे का?

जगातील ५० हून अधिक देशांनी बंदी घातली आहे. भारतात खाणकाम थांबले, पण पांढरा ॲस्बेस्टॉस आयात होतो आणि त्याचे पत्रे बनतात, विकले जातात. संपूर्ण बंदीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केली नाही, मात्र १९९५चे आदेश पाळण्यास सांगितले. म्हणजे आज पत्रा कापणाऱ्या पंचविशीतल्या कामगाराचा आजार कदाचित २०६०च्या सुमारास समोर येईल. त्या वेळी दाव्याला लागणारी कागदपत्रे आज त्याच्या हातात येत आहेत. ती फेकायची नाहीत, एवढे तरी त्याच्या घरी माहीत असायला हवे.