शारीरिक निर्बंध, मनोरुग्णांवरील
दीर्घकाळ संस्थेत राहणाऱ्या मनोरुग्णाची हालचाल पट्टे, दोर, साखळदंड इ. साधनांनी रोखणे. रुग्णाने स्वतःस वा इतरांस इजा करू नये, हा त्यामागील हेतू सांगितला जातो. परंतु बांधल्यामुळे स्नायू दुर्बळ होतात, शय्याव्रणे होतात आणि भीतीने क्षोभ बळावतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये फीलीप पीनेल (१७४५–१८२६) यांच्या काळात रुग्णांचे साखळदंड काढण्यात आले. तथापि हात जखडणारा अंगरखा वापरात राहिला. इंग्लंडमधील लिंकन येथे १८२९ मध्ये रात्री खाटेला बांधून एकटा ठेवलेला रुग्ण मरण पावला. त्यानंतर बांधलेल्या रुग्णाजवळ रात्रभर परिचारक ठेवण्याचा नियम झाला. परिचारक जवळ असला, तर बांधण्याची गरज बहुधा उरत नाही, हे यातून दिसून आले. रॉबर्ट गार्डिनर हिल यांनी १८३८ पर्यंत तेथील निर्बंध संपुष्टात आणले. जॉन कॉनली (१७९४–१८६६) यांनी १८३९ मध्ये हॅनवेल येथील सु. ८०० रुग्णांच्या संस्थेत हीच पद्धत यशस्वी केली. पुरेसे व प्रशिक्षित परिचारक हा तिचा पाया होता.

भारतात ब्रिटिश अमदानीत वेड्यांची इस्पितळे निघाली. मिरकरवाडा बंदर ज्या रत्नागिरी शहरात आहे, तेथील मनोरुग्णालय १८८६ मध्ये स्थापन झाले. नागपूर, ठाणे व येरवडा (पुणे) येथील मनोरुग्णालयांसह ते राज्याच्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक होय. १९५० नंतर प्रभावी औषधे उपलब्ध झाल्याने बांधण्याची निकड कमी झाली. पण प्रथा संपली नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खाजगी आश्रयगृहास आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ रुग्ण मृत्युमुखी पडले.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ (अंमल २०१८) याने रुग्णास साखळीने बांधणे व एकांतकोठडीत ठेवणे निषिद्ध ठरविले. तत्काळ संभवणारी इजा टाळण्याचा अन्य उपाय नसेल, तरच मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीने, अत्यावश्यक तेवढाच वेळ निर्बंध घालता येतो. त्याचे स्वरूप, कारण व कालावधी यांची नोंद करावी लागते आणि प्रत्येक निर्बंधाविषयी रुग्णाच्या प्रतिनिधीस २४ तासांच्या आत कळवावे लागते. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी अपुरे आहेत, एवढ्याच कारणाने निर्बंध घालता येत नाहीत. ही शेवटची तरतूद विशेष महत्त्वाची होय. कारण परिचारकांची उणीव दोरांनी भरून काढण्याची वृत्ती, हेच या प्रथेच्या दीर्घायुष्याचे एक प्रमुख कारण आहे.