मांडवीच्या तापाला नाव देणारा डॉक्टर

२३ सप्टेंबर १८९६ : मुंबईच्या मांडवी भागातला ताप हा गाठीचा प्लेग आहे, असे मूळचे गोव्यातील हडफड्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी महापालिकेला सांगितले. अशा उच्चाराने घबराट माजते, व्यापार बसतो, हा आक्षेप पोकळ नव्हता. हजारो लोकांनी शहर सोडलेच. पण रोग बोलण्याने आला नव्हता, आणि निदान मान्य झाल्यावरच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हाफकिन मुंबईत येऊन प्लेगची लस बनवू शकले. म्हणून वॉर्डातल्या डॉक्टरला अप्रिय निदान उघड मांडता येणे आजही लसीइतकेच मोलाचे आहे. असे निदान झिडकारण्याची किंमत पुढेही दिसली. १९१०-११ मध्ये मांचुरियातल्या साथीत, प्लेग श्वासातून पसरतो, मुखपट्टी बांधा, असे डॉ. वू लिएन-तेह सांगत होते. फ्रेंच डॉक्टर मेस्नी यांनी ते झिडकारले, मुखपट्टीविना रुग्ण तपासले आणि काही दिवसांतच ते प्लेगने दगावले.