साखळीची धूपदाणी, मुठीचे धुपाटणे

मराठवाड्यात कॅथलिक उपासना रुजली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, नागपूरहून आलेल्या फ्रान्सेलियन संघाच्या धर्मगुरूंच्या कष्टांतून. नागपूर धर्मप्रांत १८८७चा. त्यातून १९५५ साली अमरावती आणि अमरावतीतून १७ डिसेंबर १९७७ रोजी औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा झाला. डॉमिनिक आब्रेओ पहिले बिशप. धाराशिव जिल्हा याच धर्मप्रांतात येतो.

त्या मिशनऱ्यांची मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) लॅटिनमधली, आणि धूप फक्त सणासुदीच्या मोठ्या, गायनाच्या मिस्सेत. खेड्यातल्या साध्या मिस्सेला तो जवळजवळ नसेच. साखळ्यांना टांगलेल्या धातूच्या धूपदाणीत पेटलेले कोळसे, शेजारी होडीच्या आकाराच्या डबीत ऊद. धर्मगुरू चमच्याने ऊद घालतो आणि वेदी, क्रूस, शुभवर्तमान, भाकर व द्राक्षारस यांना धूप देतो. मग स्वतः धर्मगुरूला आणि शेवटी उभ्या असलेल्या सगळ्या लोकांना धूप दिला जातो.

या शेवटच्या कृतीपाशी मी नेहमी थबकतो. मराठवाड्यातले बहुसंख्य कॅथलिक पूर्वीच्या अस्पृश्य जातींमधून आलेले. ज्यांना देवळाच्या पायरीपाशीच थांबवले जाई, त्यांनाच वेदीइतक्या आदराने धूप द्यायचा! अंत्यविधीत शवपेटीलाही धूप देतात, कारण बाप्तिस्मा झालेला देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर मानले जाते. समतेवरच्या कितीतरी प्रवचनांपेक्षा मला हे मोठे वाटते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा मराठीत आली आणि धूप कोणत्याही मिस्सेत वापरता येऊ लागला. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतीय बिशपांच्या १२ सूचना मान्य केल्या. जमिनीवर बसणे, हात जोडून शांतीचा नमस्कार, तेलाचे दिवे, आरती हे सारे त्यांत होते. साखळीच्या धूपदाणीऐवजी मूठ असलेले साधे धूपपात्र चालेल, असेही त्यांत स्पष्ट म्हटले होते. म्हणजे औरंगाबाद धर्मप्रांत जन्मला तेव्हा ही मोकळीक आठ वर्षांची झाली होती.

धाराशिवकरांना या पात्राची ओळख करून द्यायला नको. तुळजापुरात भवानीची धुपारती रोजची, आणि धाराशिव शहरातल्या ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या दर्ग्यात उदाचा वास ठरलेला. याच शहराने जानेवारी २०२०मध्ये ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे स्वागत केले. ‘सुबोध बायबल’ लिहिणारे दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. शुभवर्तमान त्यांनी अस्सल मराठीत आणले. उपासनेच्या वस्तूंबाबत तेवढी हिंमत आपल्याकडे अजून कमी पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिसेंबर २०२७मध्ये धर्मप्रांताला ५० वर्षे पूर्ण होतील. त्या सोहळ्याच्या मिस्सेत पितळेचे, मुठीचे धुपाटणे वेदीपाशी असावे आणि ते गावातल्याच एखाद्या बाईच्या हाती द्यावे, एवढी विनंती.