स्पॅम ईमेल

स्पॅम ईमेल (अन्य नावे: अनाहूत ईमेल, जंक मेल) म्हणजे प्राप्तकर्त्याने न मागितलेला आणि एकाच वेळी असंख्य पत्त्यांवर पाठवलेला ईमेल संदेश होय. असे संदेश जाहिरात, फसवणूक किंवा घातक संगणकप्रणालीचा प्रसार यांसाठी वापरले जातात. स्पॅमची हानी दुहेरी असते. खोटा संदेश खरा समजला गेल्यास पैसा किंवा खात्याचा ताबा जातो, तर खरा संदेश खोट्यांच्या गर्दीत हरवल्यास प्रवेश, शिष्यवृत्ती किंवा नोकरीची संधी हुकते. प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी ओळखल्या जाणाऱ्या लातूर आणि नांदेड या मराठवाड्यातील शहरांत ही दुसरी हानीही पहिलीइतकीच महत्त्वाची आहे.

नाव

'स्पॅम' हे मूळचे अमेरिकेतील हॉर्मेल कंपनीने १९३७ मध्ये बाजारात आणलेल्या डबाबंद मांसाचे नाव आहे. १९७० मध्ये बीबीसीवर प्रसारित झालेल्या 'मॉन्टी पायथन' या विनोदी मालिकेतील एका प्रवेशात उपाहारगृहातील जवळपास प्रत्येक पदार्थात स्पॅम असतो आणि त्या शब्दाच्या अखंड घोषात इतर संभाषण बुडून जाते. नको असलेल्या मजकुराच्या पुनरावृत्तीमुळे उपयुक्त मजकूर दिसेनासा होणे, या अर्थाने संगणकजालावर हा शब्द रूढ झाला.

इतिहास

ईमेलच्या आरंभकाळातच या प्रश्नाची जाणीव झाली होती. नको असलेले संदेश निवडून नाकारण्याची सोय संगणकांकडे नाही, याकडे जॉन पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९७५ मधील एका तांत्रिक टिपणात लक्ष वेधले. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी आर्पानेटवरील सुमारे ४०० वापरकर्त्यांना नव्या संगणकाची जाहिरात पाठवली. हा पहिला स्पॅम ईमेल मानला जातो. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतील दोन वकिलांनी ग्रीन कार्डसंबंधीच्या सेवेची जाहिरात यूझनेटवरील हजारो चर्चागटांत टाकली आणि व्यापारी स्पॅमचा प्रश्न सर्वांसमोर आला.

भारतात विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पुढे ईमेल पत्ता हा बँक, परीक्षा आणि सरकारी अर्जांचा आवश्यक भाग बनल्यावर स्पॅमचे स्वरूप निव्वळ उपद्रवापुरते मर्यादित राहिले नाही.

कार्यपद्धती आणि अर्थकारण

ईमेल पाठवण्याचा एसएमटीपी हा नियमसंच १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो परस्परांवर विश्वास असलेल्या मोजक्या संस्थांसाठी रचलेला असल्याने त्यात प्रेषकाची ओळख पडताळण्याची तरतूद नव्हती. पोस्टाच्या पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी कोणतेही नाव लिहिता यावे, तसे 'प्रेषक' या रकान्यात कोणताही पत्ता लिहिणे त्यामुळे शक्य झाले.

दुसरे कारण आर्थिक आहे. छापील जाहिरातीच्या प्रत्येक प्रतीला खर्च येतो. ईमेलच्या बाबतीत पाठवणाऱ्याचा खर्च नगण्य असून साठवण, गाळणी आणि वाचनाचा वेळ यांचा भार स्वीकारणाऱ्यावर पडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात औषधांची जाहिरात करणाऱ्या सुमारे ३५ कोटी ईमेलमागे केवळ २८ खरेदी-व्यवहार आढळले. इतका अल्प प्रतिसादही पाठवणाऱ्याला पुरत असल्याने 'कोणी उत्तर देऊ नये' एवढ्या आवाहनाने स्पॅम थांबत नाही.

बहुतांश स्पॅम मालकाच्या नकळत ताब्यात घेतलेल्या संगणकांच्या जाळ्यातून, म्हणजे बॉटनेटमधून पाठवले जात असे. नोव्हेंबर २००८ मध्ये अशा जाळ्यांना सेवा पुरवणाऱ्या मॅककोलो या अमेरिकी कंपनीची जोडणी तोडण्यात आली, तेव्हा जगभरातील स्पॅमचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. काही महिन्यांतच ते पुन्हा वाढले.

प्रकार

१. जाहिरातपर स्पॅम: वस्तू, कर्ज, अभ्यासक्रम इत्यादींच्या न मागितलेल्या जाहिराती.
२. फिशिंग: बँक, परीक्षा संस्था किंवा सरकारी कार्यालयाचे सोंग घेऊन पासवर्ड, ओटीपी वा कार्डाचा तपशील काढून घेणारे संदेश.
३. आगाऊ शुल्काची फसवणूक: बक्षीस, वारसाहक्क, नोकरी किंवा जागा निश्चित झाल्याचे सांगून आधी 'नोंदणी शुल्क' मागणारे संदेश. नायजेरियाच्या दंडसंहितेतील कलमावरून या प्रकाराला '४१९' असेही म्हणतात.
४. घातक जोडपत्रे: देयक, निकाल किंवा प्रवेशपत्र असल्याचे भासवून संगणकात घातक प्रणाली शिरवणारे संदेश.

गाळणी आणि प्रेषकाची पडताळणी

सुरुवातीच्या गाळण्या ठरावीक शब्द शोधत असत. शब्दांचे लेखन किंचित बदलून त्यांना चकवता येई. पॉल ग्रॅहम यांनी २००२ मध्ये लिहिलेल्या एका निबंधानंतर संभाव्यतेवर आधारित गाळणी लोकप्रिय झाली. एखादा शब्द स्पॅममध्ये किती वेळा आणि नेहमीच्या पत्रव्यवहारात किती वेळा येतो, यावरून ती पूर्ण संदेशाबद्दल अंदाज बांधते. वापरकर्ता 'स्पॅम' किंवा 'स्पॅम नाही' अशी नोंद करतो, तेव्हा तो या गाळणीला शिकवत असतो.

प्रेषकाची ओळख पडताळण्यासाठी तीन पद्धती एकत्र वापरल्या जातात. एसपीएफमध्ये एखाद्या डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर संदेश पाठवू शकतात, याची यादी जाहीर केलेली असते. डीकेआयएममध्ये संदेशावर अंकीय सही असते आणि वाटेत मजकूर बदलल्यास ती जुळत नाही. या तपासण्यांत अपयशी ठरलेल्या संदेशाचे काय करावे, हे डीमार्क सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांसाठी या पद्धती आणि एका क्लिकमध्ये सदस्यत्व रद्द करण्याची सोय बंधनकारक केली. जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० किंवा अधिक संदेश पाठवणाऱ्यांना गुगलचा हा नियम लागू होतो.

या पडताळणीने संदेश खरोखर त्या डोमेनवरून आला एवढेच सिद्ध होते. पाठवणारा प्रामाणिक आहे, हे सिद्ध होत नाही. एखाद्या संस्थेशी साधर्म्य असलेले नवे डोमेन घेऊन पाठवलेला फसवा संदेशही तिन्ही कसोट्यांवर उतरू शकतो.

चुकीचे वर्गीकरण

कोणतीही गाळणी निर्दोष नसते. स्पॅम इनबॉक्समध्ये पोहोचणे ही एक चूक, तर खरा संदेश स्पॅम फोल्डरमध्ये जाणे ही दुसरी. दुसरी चूक अधिक गंभीर ठरू शकते, कारण ती प्राप्तकर्त्याच्या लक्षातच येत नाही. एकाच वेळी हजारो उमेदवारांना जाणारा, साचेबद्ध मजकुराचा आणि दुवा असलेला परीक्षा संस्थेचा संदेश रचनेने स्पॅमसारखाच दिसतो. जीमेलमध्ये स्पॅम फोल्डरमधील संदेश ३० दिवसांनी आपोआप नष्ट होतात. खात्याची साठवण पूर्ण भरल्यास नवे संदेश स्वीकारलेच जात नाहीत.

नांदेड आणि लातूरमधील संदर्भ

दहावी, बारावी आणि प्रवेश परीक्षांच्या नियोजनबद्ध तयारीची पद्धत 'लातूर पॅटर्न' या नावाने महाराष्ट्रभर ओळखली जाते. त्यासाठी इतर जिल्ह्यांतील विद्यार्थी लातूरमध्ये आणि नांदेडमध्येही वास्तव्यास येतात. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात.

या विद्यार्थ्यांचा बराचसा अधिकृत व्यवहार ऑनलाइन होतो. नीट परीक्षा घेणारी राष्ट्रीय चाचणी संस्था (एनटीए), राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष आणि शिष्यवृत्तीचे महाडीबीटी संकेतस्थळ यांच्या नोंदणीत ईमेल पत्ता किंवा मोबाइल क्रमांक द्यावा लागतो. अर्जात दिलेला पत्ता आणि क्रमांक उमेदवाराचा स्वतःचा किंवा पालकांचा असावा, अशी एनटीएची सूचना असते. अर्ज भरून देणाऱ्या केंद्राचा किंवा शिकवणीचा पत्ता दिल्यास पुढील सूचना आणि पासवर्ड बदलण्याचे दुवे तिसऱ्याच व्यक्तीच्या हाती जातात. गावाकडे एकच मोबाइल पूर्ण कुटुंबात वापरला जात असल्यास हा धोका अधिक असतो.

परीक्षेच्या तणावाचा लाभ घेणारा बाजार या भागात तपासाचा विषय ठरला आहे. जून २०२४ मध्ये नीट परीक्षेत पैसे घेऊन गुण वाढवून देण्याचे आमिष दाखवल्याच्या आरोपावरून लातूर येथे गुन्हा नोंदवण्यात आला. दहशतवादविरोधी पथकाच्या नांदेड शाखेच्या तक्रारीवरून तो दाखल झाला होता आणि पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. हे प्रकरण ईमेलचे नव्हते. तथापि 'प्रश्नपत्रिका मिळेल', 'गुण वाढतील', 'जागा राखून ठेवली आहे' अशा संदेशांना ज्या आशेचा आधार मिळतो, ती यात दिसून आली. ४ मे २०२५ च्या नीट परीक्षेपूर्वी एनटीएने अशा दाव्यांची माहिती देण्यासाठी स्वतंत्र ऑनलाइन सोय सुरू केली. तिच्यावर १,५०० हून अधिक दाव्यांची नोंद झाली आणि टेलिग्राम व इन्स्टाग्रामवरील अनेक वाहिन्या संशयास्पद आढळल्या. ईमेलच्या गाळण्या सुधारल्यानंतर स्पॅमचा ओघ संदेशवहनाच्या इतर माध्यमांकडे वळल्याचे हे उदाहरण आहे.

प्रतिबंधक उपाय

पत्ता मर्यादित ठेवणे हा मूलभूत उपाय मानला जातो. परीक्षा, बँक आणि सरकारी कामांसाठी एक पत्ता आणि खरेदी, ॲप, मोफत चाचण्या किंवा मेळाव्यांतील नोंदणीसाठी दुसरा पत्ता ठेवल्यास पहिल्यावरील गर्दी कमी राहते. महत्त्वाच्या पत्त्यावर परीक्षा संस्थेचे संदेश स्पष्ट दिसतात आणि तेथे आलेली अनोळखी जाहिरात लगेच लक्षात येते.

सदस्यत्व रद्द करण्याचा दुवा ओळखीच्या संस्थेच्या संदेशातच वापरणे सुरक्षित असते. अनोळखी संदेशातील असा दुवा दाबल्यास पत्ता चालू असल्याची खात्री पाठवणाऱ्याला मिळते. संदेशातील चित्रे आपोआप उघडण्याची सोय बंद केल्यानेही ही माहिती रोखता येते. नको असलेला संदेश केवळ पुसून टाकण्याऐवजी 'स्पॅम' म्हणून नोंदवल्यास गाळणी सुधारते.

प्रेषकाच्या दर्शनी नावापेक्षा पूर्ण पत्ता पाहणे आवश्यक असते. 'डॉट जीओव्ही डॉट इन' हे डोमेन सरकारी संस्थांसाठी, तर 'डॉट एसी डॉट इन' शैक्षणिक संस्थांसाठी राखीव आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' हे डोमेन स्वीकारण्याचे निर्देश दिले होते. संदेशातील दुवा न दाबता संस्थेचे संकेतस्थळ स्वतः उघडून सूचना पडताळणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय. द्विस्तरीय पडताळणी सुरू असल्यास पासवर्ड उघड झाला तरी खात्याला संरक्षण मिळते. मात्र ओटीपी दुसऱ्याला सांगितल्यास ते संपते.

प्रवेशप्रक्रियेच्या काळात स्पॅम फोल्डर रोज पाहणे, अपेक्षित संस्थेचा पत्ता संपर्कयादीत जोडणे आणि खात्यात साठवणीची जागा शिल्लक ठेवणे यांमुळे खरा संदेश हरवण्याची शक्यता कमी होते.

भारतातील कायदेशीर स्थिती

अमेरिकेने २००३ मध्ये स्पॅमविषयक स्वतंत्र कायदा केला. भारतात तसा कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये दुरुस्तीने आलेले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालेले कलम ६६अ त्रास देण्यासाठी किंवा उगमाबाबत दिशाभूल करण्यासाठी पाठवलेल्या ईमेललाही लागू होते. त्याची शब्दरचना मात्र अतिव्यापक होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली, तेव्हा या कलमाविरुद्ध देशभर टीका झाली. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ते घटनाबाह्य ठरवले. अभिव्यक्तिस्वातंत्र्याला त्यामुळे संरक्षण मिळाले. त्याचबरोबर स्पॅम ईमेलला थेट लागू पडणारी तरतूदही संपली.

फसवणूक घडल्यास याच अधिनियमातील ओळखचोरीविषयीचे कलम ६६क आणि तोतयेगिरीने फसवणुकीविषयीचे कलम ६६ड लागू होते. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे व्यापारी संदेशविषयक विनियम दूरध्वनी आणि एसएमएससाठी आहेत. ईमेल त्यांच्या कक्षेत येत नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ वैयक्तिक माहितीच्या वापरासाठी संमतीला महत्त्व देतो आणि ईमेल पत्ता हीदेखील वैयक्तिक माहिती आहे.

तक्रार

आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तत्काळ कळवणे महत्त्वाचे असते, कारण रक्कम पुढे वळवली जाण्यापूर्वी ती रोखता येण्याची शक्यता असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर किंवा पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्यात देता येते. त्यामुळे लातूरमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तक्रारीसाठी मूळ गावी जाण्याची गरज नसते. संदेश पुसून न टाकता मूळ स्वरूपात जपणे आवश्यक असते. त्याच्या शीर्षभागातील तांत्रिक नोंदींवरून तो कोणत्या सर्व्हरमार्गे आला, याचा माग काढता येतो.

हेही पाहा

फिशिंग
सायबर गुन्हा
माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००
लातूर पॅटर्न